येसूमावशीचं गाऱ्हाणं

येसूमावशीच्या पाटीतली मासळी सकाळी दहाच्या पुढे उरत नसे, पण तिचा राग वर्षानुवर्षं ताजा राही. चारचौघांना राग येतो, भांडण होतं, आठ दिवसांत दोघंही विसरतात. मावशी भांडतच नसे. कुणी वाकडं बोललं की ती डोक्यावरची पाटी खाली ठेवायची, पदर कमरेला नीट खोचायची, समोरच्याचं तोंड एकदा डोळे भरून पाहून घ्यायची आणि पाटी उचलून चालू लागायची. तिनं असं ज्याच्याकडे पाहिलं, त्यानं पुढची काही वर्षं जपून राहावं, असा आमच्या आळीचा अनुभव होता.

रत्नागिरीत आमचं घर चढावर आहे. खाली मच्छीमारांची वाडी, तिच्या पलीकडे जेटी आणि मग समुद्र. वाडीतून चढ चढून मावशी पहिली आमच्या पायरीवर टेकायची. आईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय तिची पाटी पुढे सरकत नसे. मी तेव्हा शाळेत जात होते. आता त्याच गावात शाळेत विज्ञान शिकवते, केस पिकायला लागलेत, पण शेवटपर्यंत तिनं मला 'शुभे' म्हणूनच हाक मारली आणि मीही तिला कधी 'अहो' म्हटलं नाही.

समोरच्या घरातल्या वहिनींची गोष्ट आळीत अजून सांगतात. वहिनींनी एकदा चार बायकांसमोर नाकाला पदर लावून म्हटलं होतं, "मावशी, आज वास येतोय हो तुमच्या मासळीला." मावशीनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला, पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या फाटकाशी आली की तिची चाल मंदावायची आणि आवाज चढायचा. "सरंगा असा हाय गो, तोंड बगून घ्यावं त्यात!" असं पाटीतल्या एकेका माशाचं वर्णन करत ती न थांबता पुढच्या घरी जायची. वहिनी हाका मारायच्या, पण त्या एका फाटकापुरती मावशी ठार बहिरी झाली होती. मग वहिनींचा नवा जावई पहिल्यांदा जेवायला यायचा होता. समुद्र खवळलेला, बाजारात मासळीचं नाव नाही, आणि मावशीच्या पाटीत एकच सुरमई. वहिनी चप्पल न घालता रस्त्यावर आल्या. मावशीनं सुरमई कापून त्यांच्या भांड्यात घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वास घेऊन बगा वहिनी. नायतर नंतर म्हणाल." आणि वहिनींनी भर रस्त्यात वास घेतला! त्यानंतर मावशी त्या फाटकाशी काही झालंच नाही अशी थांबू लागली. अपमान जिथे झाला तिथेच, आणि निदान तेवढ्याच माणसांसमोर त्याची फेड झाली पाहिजे, एवढाच तिचा नियम होता.

कुणी समजूत घालायला गेलं, सोड ना मावशी, विसर आता, की ती अगदी शांतपणे म्हणायची, "विसरते की. आज नाय, उद्या." हा उद्या कधी उजाडेल ते तिच्यावर होतं.

केलेले उपकारही ती अशीच धरून ठेवायची, हेही सांगायला हवं. तिचा नवरा गेला तेव्हा माझी आई काही दिवस तिच्या घरी जाऊन नुसती बसायची, काही न बोलता. त्या बसण्याची मावशीनं आयुष्यभर आठवण ठेवली. माझे वडील आजारी होते तेव्हा ती रोज मुडदुशे, पचायला हलकी अशी मासळी, घेऊन यायची, स्वतः चुलीपाशी बसून त्यांचं पातळ कालवण करायची आणि वडलांनी वाटी रिकामी केल्याशिवाय उठायची नाही. वडील तिला घाबरून जेवत, असं आई म्हणायची.

नवऱ्यामागे तिच्याकडे दोन गोष्टी उरल्या होत्या. एक त्याची छोटी होडी आणि दुसरा मुलगा दिगू. दिगू कामाला वाघ, पण स्वभावानं आईच्या अगदी उलट, कुणी दोन शब्द मोठ्यानं बोललं की मान खाली घालणारा. होडी त्याच्या हातात होती आणि घर त्या होडीवर चालत होतं. ती विकायची वेळ आली तर मी उभी मरेन, असं मावशी उघड म्हणायची.

आणि मग आमच्या किनाऱ्यावर दिव्यांच्या बोटी आल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या बोटीवर जनरेटर असतो, त्यावर एलईडीचे झगझगीत दिवे लावून त्यांचा झोत पाण्यावर सोडतात. उजेडाकडे सगळ्या जातीची मासळी गोळा होते, अगदी बोटभर पिल्लंसुद्धा, आणि मग भलंमोठं जाळं टाकून ती एकदम उचलतात. याला कायद्यानं बंदी आहे. पण दूर समुद्रात गस्तीची नौका दिसली की दिवे विझतात आणि ती गेली की पुन्हा पेटतात. आमच्या गच्चीतून अमावास्येच्या सुमाराला क्षितिजावर जत्रा भरल्यासारखा पांढरा उजेड दिसू लागला. दिगूसारख्यांच्या जाळ्यात मग उरलंसुरलं येऊ लागलं.

त्यातल्या सगळ्यात जास्त बोटी ज्याच्या, त्याला सगळे शेठ म्हणतात. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. मावशीनं ते जिथे घ्यायचं तिथे घेतलं आहे. एकदा त्याच्या बोटीनं दिगूचं जाळं फाडलं. दिगू जेटीवर त्याला विचारायला गेला, म्हणजे काय, मान खाली घालून उभा राहिला. शेठ मासळीच्या भर लिलावात मोठ्यानं म्हणाला, "अरे, काळोखात चाचपडत कशाला मासे धरतोस? दिवे लाव, नाहीतर ती होडी विक आणि माझ्या बोटीवर खलाशी म्हणून ये. आईलाही सांग, वय झालं, आता घरी बस म्हणावं." आजूबाजूची माणसं हसली. त्यातली निम्मी त्याच्याच बोटींवर जाणारी होती, त्यांना हसणं भागच होतं. मावशी तिथेच लिलावात उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली आणि पदर खोचला.

त्याच सुमाराला आमच्या महिला मंडळानं वाडीत विजेचे दिवे बदलण्याचं काम हाती घेतलं होतं. पुढाकार माझाच. वाडीतल्या घरांत दिवसासुद्धा दिवा लागतो, आणि दिवे म्हणजे जुने पिवळे बल्ब, नाहीतर फडफडणाऱ्या ट्यूब. मी दारोदार जाऊन सांगत होते, तेवढाच उजेड या एलईडीतून कितीतरी कमी विजेत मिळतो. वीज कमी लागली की कुठेतरी कोळसा कमी जळतो, धूर कमी होतो. हवा तापली की समुद्र तापतो, आणि समुद्र तापला की पहिला फटका याच वाडीला बसतो. कुणी मान डोलवायचं, कुणी नुसतं बिल किती कमी येईल ते विचारायचं. पण बल्ब बदलत होते. काढलेले जुने बल्ब आम्ही पोत्यांत भरून समाजमंदिराच्या कोपऱ्यात ठेवत होतो. निम्मी वाडी पांढरी झाली होती आणि संध्याकाळी गच्चीतून ती पाहताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

इथे शेठ टपकला. टेम्पो भरून एलईडी बल्ब आणले आणि उरलेल्या घरांना फुकट वाटले. प्रत्येक खोक्यावर हात जोडलेला त्याचा फोटो आणि खाली 'वसुंधरेसाठी माझा एक दिवा'. पाण्यातली पिल्लंसुद्धा न सोडणारा हा माणूस वसुंधरेला दिवा लावत होता! वाटपाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, त्यात मीही होते, पण माझा नुसता कोपर आला होता. त्या कोपरामुळे मी किती जळफळले ते लपवण्यात अर्थ नाही.

मावशीच्या दारात तो स्वतः गेला, मोबाईल धरलेली दोन माणसं बरोबर घेऊन. मावशी खोका भिरकावणार म्हणून वाडी बघत उभी. तिनं खोका घेतला, उघडला, आतला बल्ब काढून त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "ह्यो तुजा तुला. खोका ऱ्हाऊ दे." त्या खोक्यात ती पुढे सुकट ठेवायची. फळीवर शेठचं तोंड सगळ्यांना दिसेल असं वळवलेलं असे, आणि सुकट काढताना ती त्याच्या नाकावर अंगठा दाबून खोका धरायची.

आमच्याकडे ज्याचं कुणी ऐकत नाही तो शेवटी देवीपुढं नारळ ठेवतो. गुरव त्याच्या वतीनं मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणून त्याला रुकार देतात. एकदा घातलेलं गाऱ्हाणं ज्यानं घातलं त्यानंच उतरवायचं, दुसऱ्याला तो अधिकार नाही. त्यामुळे लोक कोर्टाच्या नोटिशीला घाबरत नाहीत एवढे या नारळाला घाबरतात. मावशीनं वाडीतल्या देवीपुढं संध्याकाळच्या आरतीनंतर नारळ ठेवला आणि गुरवाला शब्द सांगितले. गुरव म्हणाला, "हे देवी माउली, ज्याच्या होडीवर, ज्याच्या बोटीवर, ज्याच्या घरात ही एलीडी पेटती हाय, त्याच्या जाळ्यात म्हावरं येऊ देऊ नको गो माउली!" 'घरात' या शब्दाला तो जरा अडखळला, पण मावशी शेजारीच उभी होती. माणसांनी सवयीनं 'व्हय महाराजा' म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीत गेले तर खाली वाडी पिवळी! एकूण एक पांढरा दिवा गेलेला. मी धावत समाजमंदिरात गेले. जुन्या बल्बांची माझी पोती रिकामी होऊन घडी घालून ठेवली होती. लोकांनी आपापले बल्ब ओळखून परत नेले होते. ज्याच्या घरात होडी नाही त्यानंसुद्धा नेले, उगाच जोखीम नको म्हणून.

मी तशीच मावशीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती अंगणात कोयत्यानं मासे साफ करत होती.

"मावशी, हे काय करून बसलीस? उन्हातान्हात दारोदार फिरले मी!"

"फिरलीस ना. मग आता बस, पाणी पी."

"घरातला दिवा वेगळा आणि बोटीवरचा वेगळा. एवढं तुला कळत नाही?"

"जात एकच. तूच सांगितलंस ना, ह्या दिव्याला वीज कमी लागते? म्हणून तर त्या मेल्यानं बोटीवर माळ लावलीय. जुने बल्ब लावायला गेला असता तर डिझेलातच बुडला असता. मग घरातला सोडून कसा चालंल?"

यात काही खोटं नव्हतं, पण मलाही राग येतो, आणि तो तिच्यापेक्षा फार कमी नाही. मी तिच्या हातातला कोयता दाखवला. "यानं तू सुरमई कापतेस. उद्या कुणी असल्या कोयत्यानं माणूस मारला, तर वाडीतले सगळे कोयते दर्यात टाकशील?"

"कोयते कशाला टाकू? मारणाऱ्याला धरीन."

"मग देवीला काय सांगितलंस? कोयते बुडव म्हणून सांगितलंस! शिक्षा कुणाला झाली? वाडीतल्या बायकांना. त्या परत जास्तीचं बिल भरणार. आणि शेठ? त्याच्या बोटी गेल्या की नाही आज? तू सगळ्या गावालाच धरलंस, म्हणून तो एकटा सुटला. सूड घ्यायचा तर नीट घे की!"

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला कळलं नाही. वर्गात मी मुलांना कार्यकारणभाव शिकवते. मावशीनं मनगटावर चिकटलेलं खवलं काढून टाकलं. मग हसली. "आता कशी माझ्या पाटीतली मासळी खाल्लेली शोभलीस!" म्हणाली आणि हात धुवायला उठली.

दुसरं गाऱ्हाणं सोपं नव्हतं. गुरव नाव घ्यायला तयार होईना. देवळावरची नवी पत्र्याची शेड शेठनं घातलेली, आणि वाडीतल्या पुष्कळांची चूल त्याच्या बोटींवर पेटत होती. "मोघम सांग मावशी, देवी समजून घेईल," असं तो विनवत होता. मावशी म्हणाली, "मोघम एकदा सांगून बगितलं. शुभीनं मला अक्कल शिकवली." आणि ती स्वतःच पुढे झाली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. मी दारात उभी होते. तिचा मासळी विकतानाचा खणखणीत आवाज देवळात घुमला.

"माउली, काल चुकले. घरातल्या दिव्यांना मोकळीक दे. त्ये पोरांच्या अभ्यासाला हायत, चुलीला हायत. पण दर्यात जो दिवे लावून लुटतो, ज्यानं माझ्या पोराचं जाळं फाडलं आन चारचौघांत त्याला हसला..." इथे तिनं शेठचं पूर्ण नाव घेतलं, वडलांच्या नावासकट, "...त्याच्या बोटीवर दिवा पेटंल तेवा त्याच्या जाळ्यात म्हावरं येऊ नये. ते दिवे जेटीवर, सगळ्यांसमोर, त्याच्या हातानं उतरेपर्यंत गाऱ्हाणं उतरायचं नाय!"

'व्हय महाराजा' म्हणायचं तर उद्या कामावर जायचं तोंड राहत नाही. पुरुष जमिनीकडे बघत होते. दिगू खांबाशी उभा होता. त्याच दिवशी सकाळी त्यानं होडीला गिऱ्हाईक बघितलं होतं आणि शेठच्या बोटीवर येतो म्हणून कळवलं होतं. हे वाडीला ठाऊक होतं आणि मावशीलाही. तिनं मागे वळून पाहिलं नाही. आणि दिगू, जन्मात कधी आवाज न चढवलेला दिगू, म्हणाला, "व्हय महाराजा." हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग बायका म्हणाल्या, मग दोन म्हातारे, मग एकेक करत बरेच जण. माझ्याही तोंडून निघालं. मी ते मागे घेत नाही.

शेठ हसला म्हणे. पण त्याच्या बोटींवरचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य, याच किनाऱ्यावरचे होते. त्यातल्या तिघांनी साफ सांगितलं, बोट नेतो, पण दिव्याचं बटण तुम्ही येऊन दाबा. शेठनं बाहेरगावचे तांडेल आणले, तर पहिल्याच फेरीत त्यांचं जाळं खडकात अडकून फाटलं, कारण हा तळ त्यांच्या ओळखीचा नव्हता. कारण सरळ होतं, पण ते ऐकायला कोण तयार होतं? मग जनरेटर बिघडला. मग शेठला कावीळ झाली. मावशी प्रत्येक गोष्ट आपल्या खात्यावर जमा करायची. त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं तरी पायरीवर टेकून माझ्याकडे बघत अर्थपूर्ण मान हलवायची. मी म्हणायचे, "मावशी, खिळा होता रस्त्यात." ती म्हणायची, "खिळा कुणी ठेवला?" दिव्यांच्या बोटी बंद झाल्या नाहीत, पण त्या शेठच्या तरी चोरून आणि कमी जाऊ लागल्या, आणि दिगूनं होडी विकली नाही.

आणि माझे बल्ब? ते मावशीनं परत लावले. घरांना देवीनं मोकळीक दिली आहे हे सांगायला ती माझ्याबरोबर स्वतः दारोदार फिरली. माझं कोळशाचं, धुराचं व्याख्यान ती दोन वाक्यांत उरकून टाकायची. तिचा एकच पुकारा असायचा, "घरात एलीडी, दर्यात काळोख!" तो वाडीतल्या पोरांनी उचलला, मग मंडळानं भिंतीवर रंगवला. ज्या घरात जुना पिवळा बल्ब दिसेल त्या घराशी तिची चाल मंदावून आवाज चढायला लागला. चढावरच्या आमच्या आळीतसुद्धा तिनं कुणाला सोडलं नाही. समोरच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी ओटीवरचा बल्ब बदलला. माझ्या भाषणांनी जे एका उन्हाळ्यात अर्धं झालं होतं, ते तिच्या दहशतीनं महिन्याभरात पुरं झालं. पर्यावरणाचं काम प्रेमानं करावं असं मंडळाच्या बैठकीत कुणी बोललं की मला खोकला येतो.

शेठ अखेर तिच्या दारात आला. या वेळी मोबाईलवाली माणसं नव्हती, हातात नारळ होता. दुपारची वेळ, मी तिथेच होते. "मावशी, झालं गेलं विसरा," तो म्हणाला, "गाऱ्हाणं उतरवा. दिगूला नवं जाळं देतो."

"विसरते की," मावशी म्हणाली. "आज नाय, उद्या."

तो बिचारा खरंच दुसऱ्या दिवशी आला. मग पुन्हा आला. प्रत्येक वेळी मावशी त्याला चहा द्यायची, काविळीची चौकशी करायची आणि उद्यावर ढकलायची. अट तिनं सांगितलेलीच होती, दिवे जेटीवर सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उतरवायचे. तेवढं सोडून तो काहीही द्यायला तयार होता, आणि तेवढं सोडून तिला काहीही नको होतं.

गेल्या पावसाळ्यात मावशी आजारी पडली. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या. छातीत कफ भरला होता, आवाज बसला होता. तिचा तो आवाज बसलेला ऐकणं हेच मला सहन होत नव्हतं. एका दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. गुरवालाही बोलावलं होतं. दिगू उशाशी बसला होता. गुरवानं हात जोडून म्हटलं, "मावशी, आता तरी उतरव. मनात काय ठेवून जाऊ नको." मावशीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

"गुरवा, ऐक. दिगूदेखत सांगते. गाऱ्हाणं उतरवायचा हक्क मी शुभीला दिला. चालतंय ना?"

गुरव म्हणाला, घालणाऱ्यानं तोंडानं दिला तर चालतो.

"मावशी, मला कशाला?" मी म्हणाले. "दिगू आहे ना."

"दिगू मऊ हाय. शेठ चार दिवस दारात रडला की उतरवून मोकळा होईल."

दिगू नाही म्हणाला नाही.

"पण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तुला ठाऊक आहे."

"म्हणून तर तुला देते. ज्याचा विश्वास असतो, तो घाबरून उतरवतो." मग तिला खोकला आला आणि तो थांबेना. मी तिची पाठ चोळत राहिले.

चार दिवसांनी ती गेली. पावसातच नेली. समोरच्या वहिनी रस्त्यावर आल्या होत्या, चप्पल न घालता. मी रडले, आईच्या वेळी रडले नव्हते एवढी. आजही सकाळी फाटक वाजलं की हात आपोआप चहाच्या भांड्याकडे जातो आणि मग मला राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही. शेठ मसणात आला होता. सगळ्यांत पुढे उभा होता. तिच्या तोंडून शेवटी काही निघालं का, हे तो दिगूला विचारत होता. दिगूनं मान खाली घातली आणि चढाकडे बोट दाखवलं.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी तो आमच्या पायरीवर आला. हातात नारळ होता. मासेमारी पुन्हा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते आणि तांडेल अजून अडून बसले होते. मी त्याला आत ये म्हटलं नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्याकडं आहे म्हणे ते. म्हातारीचा राग होता, ती गेली. आता मिटवून टाका."

"जेटीवर दिवे उतरवा. सगळ्यांसमोर, तुमच्या हातानं. आणि दिगूशी बोला, त्या दिवशी बोललात तेवढ्याच मोठ्यानं. मी त्याच संध्याकाळी देवळात येते."

"ते कसं शक्य आहे? धंदा आहे माझा."

"मग राहू दे."

तो थोडा वेळ नारळ या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मग त्याचा आवाज चढला. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता! तुमचा तरी विश्वास आहे का या असल्या नारळांवर?"

"माझा नाही," मी म्हणाले. "तुमचा आहे. मला तेवढा पुरे."

तो नारळ तसाच घेऊन चढ उतरून गेला. मी त्याचं तोंड नीट पाहून घेतलं होतं. फक्त हे ऐकायला येसूमावशी पायरीवर हवी होती.